त्रिशंकू विद्येचा सन्मान

फिनलंडमधून दिला जाणारा दहा लाख युरोंचा ‘मिलेनियम टेक्नॉलॉजी प्राइझ’ हा पुरस्कार २०२४ साली डॉ. बी. जयंत बालिगा यांना मिळाला, तेव्हा आपल्याकडे त्या वार्तेचे स्वागत झाले. मद्रासमध्ये जन्मलेला, बंगळूरजवळ वाढलेला आणि मद्रासच्याच आय.आय.टी.तून १९६९ साली पदवी घेऊन अमेरिकेस गेलेला हा अभियंता आपला, याचा आपणांस अभिमान वाटला. तसा तो वाटण्यात वावगे काही नाही. पण त्या आनंदाच्या भरात एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटली. ज्या कामाचा गौरव जगाने २०२४ साली केला, त्याच कामाची दखल अभियंत्यांच्या एका लहानशा वर्तुळाने ३३ वर्षांपूर्वी, १९९१ सालीच घेतली होती. त्या वर्षीचा विल्यम न्यूएल स्मृतिपुरस्कार बालिगांना देण्यात आला होता. त्याची वार्ता आपल्यापर्यंत पोचली नाही आणि पोचली असती तरी न्यूएल कोण, हा पुरस्कार कशाचा आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे काय, हे तीनही प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांना पडले असते.

ते आजही पडतात. म्हणूनच या पुरस्काराची कथा थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. ती केवळ अभियंत्यांच्या कामाची नाही. ज्ञानाच्या दोन प्रांतांच्या सीमेवर जे उगवते त्याला समाज कसे वागवतो आणि त्याला मानाचे पान मिळण्यास काय करावे लागते, याचा धडा तिच्यात आहे. आपली विद्यापीठे आणि महाविद्यालये हा धडा अजून पुरता शिकलेली नाहीत.

अधांतरी लोंबकळणारे शास्त्र

विल्यम ई. न्यूएल हे अमेरिकेतील वेस्टिंगहाउस या विद्युतयंत्रे बनविणाऱ्या जुन्या कंपनीच्या पिट्सबर्ग येथील संशोधन केंद्रात काम करणारे अभियंते. सर्वसामान्यांना ठाऊक व्हावे असे कोणतेही एक यंत्र त्यांच्या नावावर नाही. त्यांचे नाव टिकले ते मुख्यतः एका भाषणामुळे. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या तज्ज्ञांची एक परिषद १९७३ साली भरली होती. तिच्यापुढे न्यूएल यांनी बीजभाषण केले. पुढच्या वर्षी ते नियतकालिकात प्रसिद्धही झाले. त्याच्या शीर्षकाचा मराठीत आशय सांगायचा तर, ‘पॉवर इलेक्ट्रॉनिक्स त्रिशंकू अवस्थेतून बाहेर पडत आहे’ असा सांगता येईल.

सत्यव्रत राजाला सदेह स्वर्गात जायचे होते. विश्वामित्राने तपोबलाने त्याला वर चढवले, इंद्राने खाली लोटले आणि विश्वामित्राने मध्येच थांबवले. तेव्हापासून त्रिशंकू ना भूमीचा, ना स्वर्गाचा. न्यूएल यांचे म्हणणे नेमके हेच होते. विद्युत अभियांत्रिकीचे तीन मोठे प्रांत आहेत. वीज निर्माण करून ती दूरवर पोचविणाऱ्यांचा एक, सूक्ष्म विद्युतसंकेतांवर काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा दुसरा आणि यंत्राला हवे तसे वागायला लावणाऱ्या नियंत्रणशास्त्राचा तिसरा. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स या तिन्हींच्या मधल्या फटीत राहते. तिघांचेही त्यावाचून अडते, आणि तिघांपैकी एकही त्याला आपले म्हणत नाही. वीजघरातला अभियंता त्याला रेडिओवाल्यांचा खेळ समजतो. रेडिओवाल्याला त्यातले शेकडो अँपिअर पाहून धडकी भरते. नियंत्रणशास्त्रज्ञाच्या लेखी ती केवळ त्याच्या समीकरणांनी हलविण्याची एक पेटी असते.

न्यूएल यांनी हे नुसते गाऱ्हाणे म्हणून मांडले नाही. तिन्ही प्रांत जेथे भेटतात तेथे या विद्येचे स्वतःचे घर आहे, हे त्यांनी एका साध्या आकृतीने दाखवले. ती आकृती आजही या विषयाच्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या प्रकरणात आढळते. आपण काय आहोत हे ज्या विद्येला सांगता येत नव्हते, तिला एका माणसाने आपला पत्ता लिहून दिला. त्यांच्या पश्चात त्याच दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू झाला. प्रथम तो या विषयाच्या परिषदेचा होता. पुढे आय.ई.ई.ई. या विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या जागतिक संस्थेच्या पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शाखेचा सर्वोच्च सन्मान म्हणून तो ओळखला जाऊ लागला, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात मूळ संस्थेनेच त्याला आपल्या प्रमुख तंत्रविषयक पुरस्कारांत स्थान दिले. फटीतून निघालेली विद्या पायरीपायरीने ओटीवर आली, आणि तेथून माजघरात.

पंख्याच्या रेग्युलेटरचे तत्त्वज्ञान

ही विद्या नेमकी करते काय? उत्तरासाठी फार दूर जायला नको. चाळीतल्या किंवा सरकारी वसाहतीतल्या घरात ज्यांचे बालपण गेले, त्यांना पंख्याचा जुना रेग्युलेटर आठवत असेल. भिंतीवर बसवलेली ती ओबडधोबड काळी पेटी, तिच्यावरचा कटकट आवाज करीत फिरणारा खटका. पंखा मंद केला की काही वेळाने ती पेटी गरम होई. थंडीच्या दिवसांत तिच्यावर हात शेकणारी मुलेही असत. त्या उबेचा अर्थ तेव्हा कोणी विचारला नाही. अर्थ असा, की पंखा मंद झाल्यामुळे जी वीज वाचली असे घरातल्या मंडळींना वाटे, तिच्यातला मोठा हिस्सा त्या पेटीतल्या रोधाच्या तारेत जळून जात असे. घोड्याला सावकाश चालवायचे म्हणून त्याच्या पाठीवर दगड लादावेत, तसा हा प्रकार.

पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचा मूळ विचार याच्या नेमका उलट आहे. वीज अडवायची नाही. ती पूर्ण सोडायची किंवा पूर्ण बंद करायची. एखाद्या उपकरणात किती वीज जळून वाया जाते, हे त्याच्या दोन टोकांतील दाब आणि त्यातून वाहणारा प्रवाह यांच्या गुणाकारावर ठरते. खटका पूर्ण उघडा असेल तर प्रवाह शून्य. पूर्ण मिटलेला असेल तर दाब जवळजवळ शून्य. दोन्ही वेळा गुणाकार शून्याच्या आसपास. म्हणजे आदर्श खटका स्वतः काहीच खात नाही. मग हा खटका सेकंदाला शेकडो, हजारो वेळा उघडला-मिटला आणि उघडे-मिटे राहण्याच्या काळाचे प्रमाण हवे तसे बदलले, तर सरासरीने हवी तेवढी वीज पलीकडे पोचते. वाटेत जळत मात्र फारशी नाही.

पण अशी तुटक तुटक वीज पुढे चालेल कशी? विहिरीवरचा रहाट पाहिलेल्यांना याचे उत्तर समजावून सांगावे लागणार नाही. रहाटाची गाडगी एकामागून एक रिती होतात, पाणी हबक्याहबक्याने पडते. तरी हौदातून पाटाला लागलेली धार अखंड असते. विजेच्या बाबतीत हौदाचे काम तारेचे वेटोळे आणि धारित्र ही दोन उपकरणे करतात. खटका, वेटोळे, धारित्र आणि खटक्याला केव्हा उघड, केव्हा मीट हे सांगणारी बुद्धी, एवढ्या सामग्रीवर ही विद्या उभी आहे. तिच्या बळावर उलटसुलट वाहणारी प्रत्यावर्ती वीज एकाच दिशेची करता येते, एकाच दिशेची वीज पुन्हा प्रत्यावर्ती करता येते, दाब वाढवता येतो, घटवता येतो, मोटारीचा वेग हवा तसा राखता येतो.

तत्त्व सोपे, खटका मात्र अवघड. हाताने दाबायचे बटण सेकंदाला हजार वेळा उघडता येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पारा भरलेल्या काचेच्या मोठ्या फुग्यांतून हे काम साधले गेले. निळसर जांभळ्या प्रकाशाने लकाकणारे हे पाऱ्याचे दिष्टकारी कित्येक दशके वीजकेंद्रांत आणि रेल्वेच्या उपकेंद्रांत राबत होते. मग १९५७ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या अभियंत्यांनी सिलिकॉनपासून केलेला नियंत्रित खटका तयार केला. पुढे तो थायरिस्टर या नावाने रूढ झाला. पारा गेला, काच गेली. सिलिकॉनची एक चकती शेकडो अँपिअरचा प्रवाह इशाऱ्यासरशी सोडू लागली. तिच्यात एक उणीव होती. इशाऱ्याने ती चालू होई, पण इशाऱ्याने बंद होत नसे. प्रवाह आपोआप शून्यावर येण्याची वाट पाहावी लागे किंवा त्याला मुद्दाम शून्यावर आणण्याची खटपट करावी लागे. दार उघडणारा पण लावता न येणारा असा हा द्वारपाल. न्यूएल यांनी १९७३ साली भाषण केले ते या द्वारपालाच्या काळात.

लोकलच्या डब्याखाली, पडघ्याच्या माळावर

ही सारी परदेशातील प्रयोगशाळांची हकिकत झाली. पण तिची फळे आपण रोज चाखतो, फक्त त्यांचे नाव आपल्याला ठाऊक नसते. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला या हार्बर मार्गावर देशातील पहिली विजेची गाडी धावली. ती १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर धावली, आणि मुंबईचे उपनगरी मार्ग पुढे कित्येक दशके त्याच दाबावर चालले. जुन्या लोकलने दीर्घकाळ प्रवास केलेल्या कारकुनाला किंवा शिक्षकाला ती स्थानकातून सुटताना टप्प्याटप्प्याने बसणारे हिसके आठवत असतील. त्या हिसक्यांचे कारण म्हणजे डब्याखालचे रोध. पंख्याच्या रेग्युलेटरचीच ही राक्षसी आवृत्ती. मोटार सावकाश सुरू व्हावी म्हणून आधी वीज रोधांत जाळायची, आणि वेग येईल तसतसा एकेक रोध बाजूला काढायचा. २००७ पासून ज्या नव्या गाड्या आल्या, त्यांत रोधांची जागा अर्धवाहक खटक्यांनी घेतली. हिसके संपले. शिवाय गाडी थांबवताना मोटारच जनित्र होऊन काही वीज तारेला परत करू लागली. २०१२ ते २०१६ या काळात पश्चिम, मध्य आणि हार्बर मार्ग एकेक करून २५ हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेवर आले. शंभर वर्षांपूर्वीचा निर्णय इतक्या गजबजलेल्या मार्गांवर उलटवता आला, त्यातही या खटक्यांचा मोठा वाटा आहे.

दुसरे उदाहरण याहून भव्य आणि याहून कमी परिचित. कोळसा विदर्भात आणि विजेची तहान कोकणच्या किनाऱ्यावर, हा महाराष्ट्राचा जुना पेच आहे. तो काही अंशी सोडवण्यासाठी राज्य वीज मंडळाने चंद्रपूरपासून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची, ५०० हजार व्होल्ट दाबाची एकदिश विजेची वाहिनी उभारली. १५०० मेगावॉट क्षमतेची ही वाहिनी १९९९ साली सुरू झाली. इतक्या अंतरावर मोठ्या प्रमाणात वीज न्यायची तर एकदिश वीज किफायतशीर ठरते. तिची वाटेतील गळती कमी आणि तिच्यावर नियंत्रणही अधिक. पण निर्मिती प्रत्यावर्ती, वापरही प्रत्यावर्ती. म्हणून चंद्रपूरला तिचे रूपांतर करायचे आणि पडघ्याला पुन्हा उलट रूपांतर. ही दोन्ही कामे एकावर एक रचलेले थायरिस्टरांचे मनोरे करतात. एखादे धरण बांधले की त्याच्या भिंतीवर उद्घाटनाची कोनशिला बसते, शाळेच्या सहली तेथे जातात. पडघ्याच्या या सभागृहांपुढे मात्र कोणत्याही शाळेची सहल उतरलेली प्रस्तुत लेखकाने ऐकलेली नाही.

जे दिसत नाही ते मोजले जात नाही, हा आपला स्वभाव. भारनियमनाच्या दिवसांत ज्या इन्व्हर्टरखाली मुलांनी दहावी-बारावीचा अभ्यास केला, तो हीच विद्या. मोबाइलचा खिशात मावणारा चार्जर, इंडक्शनची शेगडी, छपरावरच्या सौर पट्ट्यांची वीज घरच्या विजेशी जुळवून देणारी पेटी, शेतातला सौर पंप, रस्त्यावर वाढत चाललेली विजेची दुचाकी, या सर्वांच्या पोटात तीच आहे. जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास वीज खाई. आता नव्या पद्धतीच्या मोटारीचा पंखा ३०-३५ वॉटवर तेवढाच वारा देतो. फरक पात्यांत नाही, मोटारीला चालवणाऱ्या खटक्यांत आहे.

पुरस्काराचे मानकरी

न्यूएल पुरस्काराच्या मानकऱ्यांची यादी पाहिली म्हणजे ही विद्या कशी वाढत गेली हे कळते. १९८२ साली तो मिळाला रॉबर्ट डेव्हिड मिडलब्रूक यांना. मूळचे इंग्लंडचे, कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील हे प्राध्यापक. उघडमीट करणाऱ्या मंडलाचे वर्तन कागदावर आधी कसे सांगावे, ही फार मोठी अडचण होती, कारण उघडे असताना मंडल एक, मिटल्यावर दुसरे. मिडलब्रूक आणि त्यांचे शिष्य स्लोबोदान चुक यांनी १९७०च्या दशकात दोहोंची सरासरी काढून एकच गणिती प्रतिमा उभारण्याची पद्धत घालून दिली. त्यामुळे ‘करून बघू, जळले तर बदलू’ या कारागिरीचे शास्त्र झाले. आमच्या शिक्षक वाचकांना आवर्जून सांगावे असे, की याच मिडलब्रूक यांना त्यांच्या संस्थेने उत्कृष्ट अध्यापनासाठीचा फाइनमन पुरस्कारही दिला. संशोधनाचा मान आणि शिकवण्याचा मान एकाच माणसाकडे जावा, हा योग आपल्याकडे किती वेळा येतो?

१९९१ साली बालिगा. त्यांची कथा सर्वपरिचित नाही, म्हणून थोडक्यात. जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधनशाळेत काम करीत असताना १९८० साली त्यांच्यापुढे प्रश्न आला तो मोटारींचा वेग कमी खर्चात बदलणाऱ्या खटक्याचा. तेव्हा दोन घराण्यांचे ट्रान्झिस्टर उपलब्ध होते. एक घराणे अगदी थोड्या इशाऱ्यावर चालणारे, पण मोठा दाब सोसताना मोठा प्रवाह न पेलणारे. दुसरे मोठा प्रवाह पेलणारे, पण इशाऱ्यासाठीच भरपूर वीज मागणारे. एका घराण्याचे अभियंते दुसऱ्याच्या वाटेला फारसे जात नसत. बालिगांनी दोहोंचा एकाच सिलिकॉनच्या तुकड्यात संगम केला. कंपनीच्या असलेल्याच उत्पादनमार्गावर तो वर्षभराच्या आत तयार झाला. १९८२ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. आज ‘आयजीबीटी’ या नावाने ओळखला जाणारा हाच तो खटका. नव्या लोकल, विजेच्या मोटारी, वातानुकूलन यंत्रे आणि हृदय बंद पडू लागल्यास त्याला धक्का देऊन पूर्ववत करणारे वैद्यकीय उपकरण, या सर्वांत तो आहे. येथे न्यायाने सांगितले पाहिजे, की या शोधाच्या इतिहासात बालिगा एकटे नाहीत. अमेरिकेच्या आर.सी.ए. कंपनीतील बेके व व्हीटली यांनी अशाच रचनेचे पेटंट घेतले होते आणि तिच्यातला एक जीवघेणा दोष घालविण्यात जपानच्या तोशिबा कंपनीतील नाकागावा यांचा मोठा हात आहे. शोध बहुधा असेच लागतात. नदीला नाव एक असते, ओहोळ अनेक.

पुढील मानकऱ्यांत जपानचे हिरोफुमी आकागी आहेत. १९८३ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वीजवाहिनीतली निरुपयोगी घुसळण क्षणोक्षणी मोजून काढण्याचा सिद्धांत मांडला. कानपूरच्या आय.आय.टी.त शिकून अमेरिकेत गेलेले दीपक दिवाण आहेत, डेन्मार्कचे फ्रेडे ब्लाबिएर्ग आहेत. अमेरिकन, जपानी, भारतीय, युरोपीय अशी ही माळ आहे. तिचा दोरा एकच. यांतील प्रत्येकाने दोन प्रांतांच्या बांधावर उभे राहून काम केले. विद्याच सीमेवरची, तर तिचा शोधकही सीमेवरचाच असणार.

शाल, श्रीफळ आणि स्मृती

आता शंका अशी येईल, की पुरस्काराने काय साधते? पुरस्कार मिळतो तो काम झाल्यावर, आणि पुष्कळदा काम जुने झाल्यावर. एकाला मिळतो तेव्हा दहा वंचित राहतात. आपल्याकडे तर पुरस्कारांचे इतके पीक आले आहे, की गल्लोगल्ली शाल आणि श्रीफळ यांची देवघेव चालते. सभागृहात मानकऱ्यापेक्षा देणाऱ्याचे छायाचित्र मोठे असते. स्मृतिपुरस्कार म्हणावे तर बहुधा देणगीदाराच्या तीर्थरूपांच्या नावाचे. त्या दिवंगताचा आणि पुरस्काराच्या विषयाचा संबंध कोठे असतो, कोठे नसतो.

ही शंका रास्त आहे. पण न्यूएल पुरस्काराकडे पाहिले म्हणजे तिचे उत्तरही सापडते. हा पुरस्कार देणगीदाराच्या नावाने नाही, विजेत्या सेनापतीच्याही नाही. ज्याने आपल्या विद्येला तिचे स्थान दाखवले, त्या सहकाऱ्याच्या नावाने आहे. तो देणारे लोक काम जाणणारे आहेत. म्हणूनच १९९१ साली, जेव्हा बाहेरच्या जगाला बालिगांचे नावही ठाऊक नव्हते, तेव्हा त्या कामाचे मोल त्यांना कळले. मोठा पुरस्कार जगाला सांगतो, की हा माणूस थोर आहे. असा लहान पुरस्कार त्या माणसाच्या धंदाबंधूंना सांगतो, की आपले काम खरे आहे, ते करण्यात आयुष्य घालवायला हरकत नाही. पंचवीस वर्षांच्या तरुण संशोधकाला यांतले दुसरे आश्वासन अधिक गरजेचे असते. जगाने टाळ्या वाजविण्याची वाट पाहत बसला, तर तो विषयच सोडून जाईल.

आपले त्रिशंकू

आता आपल्याकडे वळू. प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एक प्राध्यापक एका तंत्रनिकेतनात पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शिकवीत. विषय अभ्यासक्रमात होता, प्रयोगशाळा नव्हती. विद्युत विभागाचे म्हणणे, नावात इलेक्ट्रॉनिक्स आहे, त्यांच्याकडे मागा. इलेक्ट्रॉनिक्स विभागाचे म्हणणे, आमच्या मेजांवर बारा व्होल्टच्या वर काही चालत नाही, मोटारी त्यांच्याकडे आहेत. दोन विभागप्रमुखांच्या टिपणांची ने-आण करण्यात तीन वर्षे गेली. तेवढ्यात मुले खटक्याच्या आकृत्या वहीत काढून, परीक्षेत उतरवून, उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. थायरिस्टर हातात धरलेला त्यांच्यापैकी कोणी नव्हता. न्यूएल यांनी १९७३ साली सांगितलेली त्रिशंकूची कथा यापेक्षा वेगळी ती काय?

याचा अर्थ या देशात काहीच झाले नाही असा नाही. मुंबईच्या आय.आय.टी.त आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत या विषयाचे उत्तम अध्यापन व संशोधन होत आले आहे. केंद्र शासनाने या शतकाच्या पहिल्या दशकात पॉवर इलेक्ट्रॉनिक्ससाठी एक राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याचे सुकाणू तिरुवनंतपुरमच्या सी-डॅककडे सोपवले. २०२५ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने ओडिशात सिलिकॉन कार्बाइडचे अर्धवाहक बनविणाऱ्या कारखान्याला मान्यता दिली. अधिक दाब आणि अधिक उष्णता सोसणाऱ्या नव्या पिढीच्या खटक्यांसाठी हाच पदार्थ वापरला जातो. पण शिखरावर दिवे लागले म्हणून पायथ्याचा अंधार जात नाही. विजेच्या गाड्यांचे आणि सौर पंपांचे इतके बोलबाले असताना त्यांच्या पोटातला खटका आपण बहुतांशी बाहेरून आणतो. तो बिघडला तर पेटी उघडून दुरुस्त करणारा माणूस तालुक्याच्या गावी सापडत नाही. यंत्र आले, विद्या आली नाही. परावलंबन असेच सुरू होते, आणि ते पुढे फार महाग पडते.

यावर उपाय मोठ्या घोषणांचा नाही. विषयांच्या जुन्या भिंतींत दार पाडण्याचा आहे. दोन विभागांनी मिळून एक प्रयोगशाळा चालवावी, तिच्या खर्चाचे खाते एकच असावे आणि तिच्यात उपकरणे जाळण्याची मुभा विद्यार्थ्यांना असावी. कारण खटका जळण्याचा वास ज्याने घेतलेला नाही, त्याला हा विषय कळला असे म्हणता येत नाही. अध्यापकाची नेमणूक करताना त्याची पदवी कोणत्या विभागाची याची विचारपूस कमी आणि त्याने काय उभे केले याची अधिक व्हावी. हे केवळ पॉवर इलेक्ट्रॉनिक्सपुरते नाही. भाषाशास्त्र आणि संगणक, वैद्यक आणि यंत्रशास्त्र, शेती आणि हवामान, अशा कित्येक सीमांवर आपले अनेक तरुण आज लोंबकळत आहेत. संशोधनासाठी अर्ज करताना ‘विषय’ या रकान्यात काय लिहावे हे त्यांना समजत नाही. जे लिहितात ते अमुक विभागाचे नाही म्हणून परत येते. कारकुनाचा त्यात दोष नाही. रकाना ज्यांनी आखला त्यांचा आहे.

आणि जाता जाता, सन्मानाविषयी. आपल्या एखाद्या विद्यापीठाला, एखाद्या अभियंता मंडळाला स्मृतिपुरस्कार द्यावासा वाटला, तर त्यांनी न्यूएल पुरस्काराचा कित्ता गिरवावा. ज्याने एखाद्या बेवारस विषयाला आयुष्यभर सांभाळले, अशा शिक्षकाच्या किंवा तंत्रज्ञाच्या नावाने तो द्यावा. असे लोक प्रत्येक जिल्ह्यात आहेत. त्यांची नावे निवृत्तीच्या दिवशीच्या चहापानानंतर पुसली जातात. रक्कम अल्प असली तरी चालेल, पण निवड काम जाणणाऱ्यांनी करावी, आणि ज्याला द्यायचा त्याला त्याच्या उमेदीत द्यावा. परदेशाने गौरवलेल्या माणसाच्या गळ्यात हार घालणे सोपे आहे. जगाला कळण्याच्या ३३ वर्षे आधी त्याला ओळखणे अवघड आहे. समाजाच्या गुणग्राहकतेची खरी कसोटी तीच.

विश्वामित्राने त्रिशंकूला खाली पडू दिले नाही. त्याच्यासाठी नवे नक्षत्रमंडळ रचले, असे पुराण सांगते. न्यूएल यांच्यापाशी तपोबल नव्हते. एक भाषण, एक आकृती आणि आपल्या विद्येवरची निष्ठा एवढेच त्यांच्यापाशी होते. त्यांच्या नावाने दिलेला सन्मान आज जगभर नेला जातो, आणि त्यांच्या विद्येच्या आधारावर आपल्या घरचा पंखा फिरतो. भिंतीवरचा नवा रेग्युलेटर आता गरम होत नाही. त्याच्यावर हात ठेवून पाहावा, आणि तो थंड लागला तर आपल्या महाविद्यालयातली ती प्रयोगशाळा उघडी आहे की कुलूपबंद, याचीही एकदा चौकशी करावी.